मुली मोजताना

कोठीच्या बसथांब्यावर उभे राहिले की चालत जाण्याच्या अंतरावर दोन वास्तू आहेत. एक जुनी रेसिडेन्सी. १९४९ पासून तेथे मुलींचे कॉलेज भरत आले आणि २०२२ मध्ये त्याला महिला विद्यापीठाचे रूप मिळाले. दुसरी वास्तू सुलतान बाजारातील सरकारी प्रसूतिगृहाची. या शहरात स्थायिक झालेल्या आपल्या कितीतरी मराठी घरांतील लेकी एकीत जन्मल्या आणि दुसरीत शिकल्या. म्हणूनच एका वाचक भगिनीचे पत्र हाती आले तेव्हा आम्हांला प्रथम याच परिसराची आठवण झाली. त्या विचारतात, "स्त्रियांच्या प्रश्नावर लिहिताना आपण आकड्यांचे एवढे अवडंबर का माजविता? दुःख काय आकड्यांनी मोजावयाचे असते?"

दुःख मोजता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. परंतु एकटीचे गाऱ्हाणे नशिबाच्या खात्यावर मांडले जाते आणि तेथेच मिटते. लाखो जणींची नोंद पुढे ठेवली की मात्र सरकारला उत्तर द्यावे लागते. हे मर्म पंडिता रमाबाईंनी फार पूर्वी ओळखले होते. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या ग्रंथात त्यांनी शिरगणतीचाच आधार घेतला. ब्रिटिश अमलाखालील नऊ कोटी सत्त्याण्णव लाख स्त्रियांपैकी नऊ कोटी पंचाण्णव लाखांना लिहिता-वाचता येत नव्हते. करुण कथा त्यांच्यापाशी पुष्कळ होत्या, तरी परक्या वाचकापुढे त्यांनी हा हिशेबही ठेवला.

स्वतंत्र भारतात असाच हिशेब १९७४ मध्ये मांडला गेला. स्त्रियांच्या स्थितीचा विचार करण्यासाठी सरकारने नेमलेल्या समितीच्या अध्यक्षा फुलरेणू गुहा होत्या, तर सदस्य-सचिव वीणा मजुमदार. दर हजार पुरुषांमागे १९०१ मध्ये ९७२ स्त्रिया होत्या, त्या १९७१ मध्ये ९३० उरल्या, ही गोष्ट त्या अहवालाने सर्वांच्या नजरेस आणली. जनगणनेच्या खंडांत ती पूर्वीपासून छापलेलीच होती; तिच्याकडे बोट दाखवणारे मात्र कोणी नव्हते.

पुढची लढाई मुंबईत झाली. १९८५-८६ च्या सुमारास गर्भजलपरीक्षेविरुद्ध स्त्री-संघटना, डॉक्टर आणि विज्ञान चळवळीतील कार्यकर्ते एकत्र आले. डॉ. संजीव कुलकर्णी यांनी शहरातील स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली, तेव्हा विचारलेल्यांपैकी ८४ टक्के डॉक्टर लिंगनिदानासाठी ही परीक्षा करीत असल्याचे दिसले. पन्नासएक डॉक्टरांचीच ती पाहणी. पण चार-दोन लोभी माणसांचा हा उद्योग आहे, असे म्हणण्याची सोय तिने उरू दिली नाही. १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला. देशाचा कायदा १९९४ मध्ये झाला आणि १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

येथे एक परखड गोष्ट सांगणे आम्हांला भाग आहे. त्याच काळात आणखी एक आकडा घरोघरी पोहोचला: आठ हजार गर्भपातांत ७९९९ गर्भ मुलींचे. तो होता परीक्षेनंतरच्या गर्भपातांविषयी. सभांतून, पत्रकांतून फिरता फिरता त्याचा हा संदर्भ गळून पडला आणि जणू सगळ्याच गर्भपातांची ती कथा आहे, असे लोक सांगू लागले. सत्कार्यासाठी केलेली अशी सैल मांडणी विरोधकाच्याच पथ्यावर पडते. शिवाय वैद्यकीय कारणाने कायदेशीर गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीकडेही मग संशयाने पाहिले जाते.

कायदा झाला, तरी आकडे सुधारले नाहीत. सहा वर्षांखालील मुलांत दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४५ होत्या, २००१ मध्ये ९२७. महाराष्ट्राची घसरण तर ९४६ वरून ९१३ वर. 'सेहत' आणि 'मासूम' या संस्थांनी डॉ. साबू जॉर्ज यांच्यासह २००० मध्येच सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली होती. नव्या जनगणनेचे पहिले आकडे बाहेर आले आणि मे २००१ मध्ये न्यायालयाने राज्यांना अंमलबजावणीचे आदेश दिले. आपल्या हैदराबादेतही २००४ च्या सुमारास जिल्हाधिकारी अरविंद कुमार यांनी सोनोग्राफी केंद्रांकडील 'एफ' नमुन्याचे कागद मागवून तपासले. कागद अपुरे निघाले तेथे नोंदणी स्थगित झाली, यंत्रे जप्त झाली. गुन्हा सिद्ध करणे कठीण असते. रिकामा रकाना मात्र लपत नाही.

आपल्यापैकी अनेकांचे आजोळ बीडकडचे. निजामी राज्यापासूनची ती सोयरीक. त्या बीड जिल्ह्यात २०११ मध्ये हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी ८९४ होत्या. सुट्टीत मामाच्या गावी जाणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगावयाचे कसे?

आणि आकड्याने दिलासा दिला, तरी तो पारखून घ्यावा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया आढळल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी आनंद साजरा केला. ती मोजणी घरी सापडलेल्या माणसांची. कामासाठी परगावी गेलेले पुरुष तीत सुटतात आणि वृद्ध स्त्रिया अधिक असतात. त्याच पाहणीत गेल्या पाच वर्षांतील जन्मांचे प्रमाण ९२९ होते. ते बातमीच्या तळाशी.

असो. भगिनीच्या पत्राचे उत्तर मनात जुळवीत असताना आम्ही आमच्या घराण्याची वंशावळ काढली. काकांनी मोठ्या कष्टाने, सुरेख अक्षरांत लिहिलेली. चार पिढ्या, आणि एकही मुलगी नाही! लेकींना जन्मू दिले नाही असे नव्हे. त्यांना लिहिलेच नव्हते. मग आम्ही नव्वदीतल्या आत्याबाईंकडे बसलो. त्या बोटांवर मोजत गेल्या: थोरल्या काकूंच्या तिघी, देवीच्या साथीत गेलेली एक, परभणीला दिलेल्या दोघी... आम्ही पेन्सिलीने कडेला लिहीत होतो. तिसऱ्या पिढीपाशी समासातली जागा संपली, म्हणून कागद उलटला.