गोल्फला जागा पुष्कळ, झुडपी रानाला एकच

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या पर्यावरण खात्याने ऑगस्ट २०२४ मध्ये नऊ राज्य उद्यानांच्या ‘विकासा’चा आराखडा जाहीर केला. एका उद्यानात ४५ होलपर्यंतचे गोल्फ मैदान, दोन उद्यानांत प्रत्येकी ३५० खोल्यांपर्यंतचे निवासस्थान आणि इतर काही ठिकाणी पिकलबॉल व डिस्क गोल्फची मैदाने असे त्याचे स्वरूप होते. लोकांनी घराबाहेर पडावे, मोकळ्या हवेत खेळावे, हा हेतू सांगितला गेला. आरोग्याच्या दृष्टीने हे ऐकायला चांगलेच वाटते. तरीही अवघ्या दहा दिवसांत सरकारला माघार घ्यावी लागली. मे २०२५ मध्ये तर अशा बांधकामांना उद्यानांत बंदी घालणारा कायदाच झाला.

या वादात राजकारण होतेच. त्याखाली दडलेला प्रश्न मात्र आरोग्याचा आणि विज्ञानाचा आहे. मोकळ्या हवेतील मनोरंजन म्हणजे नेमके काय? हवा मोकळी असली की पुरे, की भोवतालचे रानही त्या लाभाचा भाग असते?

राज्य उद्यान म्हणजे काय?

यलोस्टोनसारखी राष्ट्रीय उद्याने अमेरिकेचे केंद्र सरकार चालवते, तर राज्य उद्याने त्या त्या राज्याच्या ताब्यात असतात. १८८५ मध्ये स्थापन झालेले नायगारा हे तेथील सर्वांत जुने राज्य उद्यान मानले जाते. राष्ट्रीय उद्यानाची सहल अनेकांसाठी वर्षा-दोन वर्षांतून एकदाच घडते. राज्य उद्यान मात्र घरापासून तास-दीड तासावर असते आणि शनिवारी सकाळी ठरवून तेथे जाता येते. एकट्या फ्लोरिडात अशी १७५ उद्याने आहेत.

नऊ उद्यानांपैकी सर्वाधिक गाजलेले जोनाथन डिकिन्सन हे त्या राज्याच्या आग्नेय किनाऱ्याजवळ आहे. त्याचे क्षेत्र साधारण साडेदहा हजार एकर आहे. १६९६ मध्ये या किनाऱ्यावर ज्याचे जहाज फुटले, त्या व्यापाऱ्याचे नाव उद्यानाला मिळाले. दुसऱ्या महायुद्धात येथे रडार प्रशिक्षणाची लष्करी छावणी होती. आज लोक येथे लॉक्सहॅची नदीत छोट्या होड्या वल्हवतात, सायकली चालवतात, घोड्यावरून फिरतात, तंबू ठोकून राहतात. अनेक जण ‘होब माउंटन’वरच्या मनोऱ्यावर चढतात. नाव ‘माउंटन’ असले, तरी सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हसू यावे अशी ही जेमतेम ८६ फुटांची जुनी वाळूची टेकडी आहे. फ्लोरिडा इतके सपाट आहे, की तेवढी उंचीही नजरेत भरते.

आराखड्यातील इतर उद्यानेही लोकांच्या आवडीची होती. अनास्तासिया उद्यानात शिंपल्यांच्या दगडाची जुनी खाण आहे. सेंट ऑगस्टिन येथील स्पॅनिश किल्ला अशाच दगडातून उभा राहिला. टॉपसेल हिल येथे समुद्राला लागून गोड्या पाण्याची तळी आहेत, असे दृश्य जगात फार थोड्या ठिकाणी दिसते. निवासस्थाने याच दोन उद्यानांत बांधायची होती.

खेळ वाईट नाही

गोल्फ किंवा पिकलबॉल आरोग्याला घातक आहेत म्हणून विरोध झाला, असे मानणे चूक ठरेल. स्वीडनमधील सुमारे तीन लाख गोल्फ खेळाडूंच्या नोंदी तपासणारा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. वय, लिंग आणि आर्थिक स्थिती सारखी असलेल्या इतरांपेक्षा या खेळाडूंचा मृत्युदर सुमारे ४० टक्के कमी आढळला. मुळात निरोगी माणसेच गोल्फ खेळत असतील, ही शक्यता आहेच. तरीही चार-पाच तास चालणे आणि सोबत मित्रमंडळी असणे हे शरीराला व मनाला हिताचे आहे, याबद्दल दुमत नाही.

प्रश्न जागेचा आहे. फ्लोरिडात गोल्फची हजाराहून अधिक मैदाने आहेत. अमेरिकेच्या दुसऱ्या कोणत्याही राज्यात इतकी नाहीत. पिकलबॉलला तर सपाट फरशी आणि जाळी मिळाली की झाले, शहरातले एखादे वाहनतळही चालते. जोनाथन डिकिन्सनमधील झुडपी रानाची गोष्ट वेगळी आहे. प्राचीन वाळूच्या टेकड्यांवर वाढलेले, अधूनमधून वणवा लागला तरच टिकणारे हे खुरटे रान आहे. वनरक्षक तेथे ठरवून, ताब्यात ठेवून आग लावतात. केवळ फ्लोरिडातच आढळणारा ‘स्क्रब जे’ हा निळा-करडा पक्षी अशाच रानात राहतो. एक पक्षी वर्षाकाठी ओकची हजारो फळे वाळूत पुरून ठेवतो. पिले मोठी झाली तरी धाकट्या भावंडांना वाढवायला आईबापांजवळ थांबतात. १९८७ पासून हा पक्षी संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. येथेच गोफर कासवाची बिळे सापडतात आणि त्या बिळांचा आसरा साडेतीनशेहून अधिक जातींचे प्राणी घेतात. असे रान एकदा सपाट केले, की हिरवळ लावून ते परत येत नाही.

संशोधन काय सांगते?

निसर्गात वेळ घालवल्याने बरे वाटते, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा, असे कोणी म्हणेल. पण किती वेळ आणि कसा निसर्ग, हे मोजण्याचे प्रयत्न गेल्या काही वर्षांत झाले आहेत. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि मनःस्थिती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले. हा वेळ एका दमात घालवला की तुकड्यातुकड्याने, याने फरक पडला नाही. आजारी माणूस मुळातच कमी बाहेर पडतो, त्यामुळे एवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

म्हणून थेट प्रयोग महत्त्वाचे ठरतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये ३८ जणांची दोन गटांत विभागणी केली. एका गटाला ९० मिनिटे गवताळ, झाडांच्या परिसरात आणि दुसऱ्याला तेवढाच वेळ रहदारीच्या रस्त्याकडेने चालवले. चालणे दोन्हीकडे होते. मात्र तेच ते नकोसे विचार मनात घोळत राहण्याचे प्रमाण पहिल्या गटातच घटले आणि मेंदूच्या संबंधित भागातील हालचालही मंदावली. प्रयोग लहान होता, पण व्यायामाचा परिणाम आणि परिसराचा परिणाम वेगळा काढण्याचा प्रयत्न त्यात होता.

सगळी हिरवाई सारखीच का, या प्रश्नावर लंडनच्या किंग्ज कॉलेजचे काम उपयोगी आहे. स्मार्टफोनवर दिवसातून अनेकदा प्रश्न विचारून घेतलेल्या त्यांच्या २०२२ च्या पाहणीत पक्षी दिसला वा ऐकू आला, की मनःस्थिती सुधारते आणि तो परिणाम काही तास टिकतो, असे आढळले. झाडे, पाणी, पक्षी, आकाश अशा गोष्टींची विविधता जितकी जास्त, तितका मानसिक लाभ जास्त, असे २०२४ मध्ये त्याच गटाने मांडले. एकसारखी कापलेली हिरवळ आणि जिवंत रान यांत फरक करायला यावरून आधार मिळतो. तो अंतिम पुरावा नव्हे, पण बुलडोझर फिरवण्याआधी विचारात घ्यावा इतका भक्कम नक्कीच आहे.

दुसरी बाजू

अधिक लोकांना उद्यानात आणायचे, हा सरकारचा मुद्दा पूर्ण टाकाऊ नव्हता. सावली, स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, चाकाची खुर्ची जाईल अशी वाट आणि रात्री राहण्याची साधी सोय नसेल, तर वृद्ध, अपंग आणि लहान मुले असलेली कुटुंबे फिरकतच नाहीत. नुसते रान राखल्याने त्याचा लाभ सर्वांना मिळत नाही. पण या सोयी आणि ३५० खोल्यांचे निवासस्थान यांत मोठे अंतर आहे.

आराखडा ज्या घाईने रेटला गेला, त्याने संशय वाढवला. वेगवेगळ्या उद्यानांबाबतच्या जनसुनावण्या एकाच दिवशी, एकाच वेळी, जेमतेम तासाभराच्या ठेवल्या गेल्या. सत्ताधारी रिपब्लिकन पक्षाचे नेतेही विरोधात उतरले. अखेर राज्यपाल रॉन डीसँटिस यांनी आराखडा कच्चा असल्याचे सांगत तो मागे घेतला. नव्या कायद्याने गोल्फ, टेनिस व पिकलबॉलची मैदाने आणि मोठी निवासस्थाने वर्ज्य केली. होडी, पदभ्रमण, पोहणे, तंबू आणि लहान कुटी यांना जागा ठेवली. डिकिन्सनमध्ये गोल्फ आणण्याचा प्रयत्न २०११ मध्येही झाला होता आणि तेव्हाही तो लोकांच्या संतापामुळे मागे पडला. दर वेळी लोकांनी रस्त्यावर उतरावे यापेक्षा कायदाच असावा, हा धडा त्यातून आला.

भारतातही वाद व्याख्येवरच येऊन ठेपला आहे. वनसंवर्धन कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सरकारी प्राणिसंग्रहालये, सफारी आणि व्यवस्थापन आराखड्यातील निसर्गपर्यटनाच्या सुविधांना ‘वनेतर वापरा’तून वगळले. वनजमिनीवर नवे प्राणिसंग्रहालय वा सफारी आपल्या परवानगीशिवाय सुरू करू नये, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. मुंबईच्या बोरिवलीतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात रोज पहाटे चालायला जाणाऱ्यांना हा विषय परका वाटू नये.

उद्यानात नवी सोय आणण्याचा प्रस्ताव आला, की तीन गोष्टी तपासाव्यात. ती सोय शहरात किंवा उद्यानाच्या वेशीबाहेर होऊ शकते का? तिच्यामुळे आजवर न येणारी माणसे येतील, की खिशात पैसे असलेलेच? आणि उद्या चूक लक्षात आली, तर जागा पूर्ववत करता येईल का? फ्लोरिडाच्या गोल्फ मैदानाबाबत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे होते. तंबूची जागा किंवा लाकडी पायवाट उखडून टाकता येते, वणव्यावर जगणारे शतकानुशतकांचे झुडपी रान पुन्हा लावता येत नाही.