क्रियापदाची सोबत ओळखा

आमच्या वस्तीतल्या विहारात संध्याकाळी अभ्यासवर्ग चालतो. मागच्या महिन्यात तिथे बारावीची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली. म्हणाली, "काका, उद्या द्यायचा आहे, एकदा वाचून बघा ना." अर्ज इंग्रजीत होता. अक्षर सुंदर, स्पेलिंग एकही चुकलेले नाही. पण सुरुवातच अशी होती, 'आय रिक्वेस्ट टू यू फॉर स्कॉलरशिप.' आणि पुढे, 'आय वॉन्ट टू डिस्कस अबाउट माय डिफिकल्टी.' मी दोन ठिकाणी पेन्सिलीने खूण केली. तिचा चेहरा उतरला. "काका, टेन्स, व्हॉइस, सगळं मला पाठ आहे. ग्रामरला मार्कही चांगले आहेत. मग हे चुकलं कुठे?"

वाचकहो, हा प्रश्न त्या एका मुलीचा नाही. वीस वर्षांपूर्वी मी नवा कारकून होतो, तेव्हा माझाही तोच होता. एका टिपणीत मी 'डिस्कस अबाउट' लिहिले. साहेबांनी लाल शाईने गोल केला आणि सगळ्या शाखेला ऐकू जाईल असे विचारले, "बी.कॉम. झालात ना?" सगळे हसले. चूक काय ते कळले, पण का चूक ते कोणी सांगितले नाही. आपल्या मुलांच्या वाट्याला नेमके हेच येते. गोल मिळतो, कारण मिळत नाही.

ते कारण मला पुढे माझ्याच टेबलावरच्या फायलींत सापडले. कागदोकागदी 'डिस्कशन अबाउट' छापलेले होते आणि ते बरोबर होते. 'डिस्कशन' हे नाम आहे, त्याच्या सोबतीला 'अबाउट' चालतो. 'डिस्कस' हे क्रियापद आहे, त्याला मध्ये कोणी लागत नाही. 'वुई डिस्कस्ड द मॅटर', एवढे पुरे. आपण मराठीत 'प्रश्नाविषयी चर्चा केली' म्हणतो, म्हणून तो 'विषयी' इंग्रजीत उतरवायला जातो आणि फसतो.

ही एकच जोडी नाही. 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह' हे नाम म्हणून बरोबर. क्रियापद आले की 'आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह', मध्ये 'टू यू' नाही. 'एम्फसिस ऑन एज्युकेशन' बरोबर, पण 'एम्फसाइज'नंतर 'ऑन' नको. 'एन्ट्री इन्टू द हॉल' म्हणतात, पण 'एन्टर द हॉल' म्हणताना 'इन्टू' गळतो. लग्नाचेही तसेच. मराठीत लग्न कोणाशी तरी होते, म्हणून आपण 'मॅरीड विथ' लिहितो. इंग्रजीत 'ही मॅरीड हर' किंवा 'ही इज मॅरीड टू हर'.

माझे म्हणणे एवढेच आहे की इंग्रजी क्रियापद एकटे पाठ करू नका. त्याच्यामागे काय येते, तेही सोबत पाठ करा. 'एक्स्प्लेन' म्हणजे समजावणे, हे निम्मेच ज्ञान. 'एक्स्प्लेन इट टू मी' हे पूर्ण. 'एक्स्प्लेन मी' कोणी म्हणत नाही.

ही युक्ती माझी नाही. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक १९२४ साली जपानमध्ये शिकवायला गेले. ज्यांच्या घरात इंग्रजी नाही, अशा विद्यार्थ्याला शब्दाच्या अर्थाबरोबर शब्दाची मांडणीही सांगावी लागते, हे त्यांनी ओळखले. दोन सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी शब्दकोश रचला. त्यात क्रियापदांच्या मांडणीचे २५ साचे दिले. तो १९४२ साली टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने काढला. आज विद्यार्थ्यांच्या हाती असणारी ऑक्सफर्ड अॅडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी ती हीच. म्हणजे इतका नावाजलेला हा कोश मुळात परक्या विद्यार्थ्यांसाठी, आशियात बसून तयार झाला.

पुढचे पाऊल इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात पडले. प्राध्यापक जॉन सिंक्लेअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे खरे लिहिणे-बोलणे संगणकात भरले, लाखो शब्द. एकेका शब्दाची खरी वाक्ये एकाखाली एक लावली आणि त्यावरून १९८७ मध्ये कोबिल्ड हा शब्दकोश निघाला. १९९६ मध्ये त्याच कामातून क्रियापदांच्या साच्यांचे स्वतंत्र पुस्तक आले. त्यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की एका साच्यात बसणारी क्रियापदे बहुधा अर्थानेही एकमेकांच्या नात्यातली असतात.

उदाहरणे घ्या. रोखणारी क्रियापदे पाहा, 'प्रिव्हेंट', 'स्टॉप', 'प्रोहिबिट', 'डिस्करेज'. चौघांचा साचा एक: आधी माणूस, मग 'फ्रॉम', मग 'इंग' लागलेले क्रियापद. 'दे स्टॉप्ड हिम फ्रॉम गोइंग.' दोष किंवा श्रेय देणारी पाहा, 'ब्लेम', 'थँक', 'प्रेझ', 'पनिश'. सगळ्यांना 'फॉर'. कळवणारी पाहा, 'इन्फॉर्म', 'रिमाइंड', 'वॉर्न'. यांना 'ऑफ'. कोणाला काही करायला सांगणारी पाहा, 'आस्क', 'रिक्वेस्ट', 'ऑर्डर', 'अॅडव्हाइज'. यांना माणूस आणि मग 'टू'. एक सापडला की त्याचे भाऊबंद सापडतात.

पण प्रत्येक घरात एखादा वेगळ्या वळणाचा असतोच. 'सजेस्ट' हा 'अॅडव्हाइज'चा जवळचा नातलग वाटतो, म्हणून आपण 'ही सजेस्टेड मी टू गो' लिहितो. ते चूक. 'ही सजेस्टेड दॅट आय शुड गो' असे हवे. म्हणून अंदाजावर विसंबू नये, वाक्य शोधावे.

आता कृती. शंभर पानांची वही घ्या. पान उभे दुमडा. डाव्या बाजूला क्रियापद, उजव्या बाजूला ते ज्यात आले ते पूर्ण वाक्य. वाक्य स्वतः बनवायचे नाही, वाचलेले उतरवायचे. रेल्वेतली सूचना, बँकेचा फॉर्म, औषधाच्या डब्यातला कागद, इंग्रजी वर्तमानपत्र, काहीही चालेल. निरनिराळ्या ठिकाणची तीन वाक्ये जमली की खाली लाल रेघेने साचा लिहा. एका वाक्यावर भरवसा ठेवू नका. आपल्याकडच्या पाट्यांवर आणि परिपत्रकांत 'डिस्कस अबाउट' खुशाल छापलेले असते. शंका आली की शब्दकोशातली उदाहरणे पाहा. मोबाइलवरही हे कोश फुकट पाहता येतात.

त्या मुलीचे वडील रात्रपाळीचे वॉचमन आहेत. ते म्हणाले, "भाऊ, मोठ्या घरच्या पोरांच्या कानावर जन्मापासून इंग्रजी पडतं. चुकीचं आलं की त्यांच्या कानालाच खटकतं. आमच्या पोरीनं तो कान आणायचा कुठून?" त्यांचे म्हणणे खरे आहे. मराठीत 'मी घरी जातो आहेस' म्हटले तर आपल्या चार वर्षांच्या पोरालाही खटकते, त्याला व्याकरण कोणी शिकवले? इंग्रजीचा तो कान ज्यांना घरातून मिळाला, त्यांची हुशारी त्यात काही नाही. आणि ज्यांना नाही मिळाला, त्यांची चूकही नाही. पण जे काम कान करतो ते डोळा आणि वही करू शकतात. वेळ जास्त लागतो, एवढाच फरक.

मुलीने अर्ज नव्याने लिहिला आणि वेळेत दिला. वहीही सुरू केली. गेल्या रविवारी मी कार्यक्रमाचे इंग्रजी पत्र तिला वाचायला दिले. वाचून झाल्यावर हळूच म्हणाली, "काका, रागावू नका, 'द कमिटी कम्प्राइझेस'च्या मागे 'ऑफ' नको ना? मी तीन ठिकाणी पाहिलं." मी शब्दकोश उघडला. पोरगी बरोबर होती. इतकी वर्षे मी तो 'ऑफ' लिहीत आलो होतो. पेन्सिल तिच्याच हाती दिली आणि खूण तिलाच करायला सांगितली. कोणी हसले नाही.

या आठवड्याचा गृहपाठ घरातल्या सगळ्यांसाठी. 'अप्लाय', 'इन्सिस्ट', 'अलाउ', 'अॅव्हॉइड' ही चार क्रियापदे. प्रत्येकी तीन खरी वाक्ये शोधा, साचा लिहा आणि रविवारी जेवण झाल्यावर एकमेकांच्या वह्या तपासा.