तपासणी झाली, कळांचे काय?

सिकलसेल आजाराच्या निर्मूलनासाठी केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू केली, तेव्हा १७ राज्यांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू न देण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. विदर्भातील गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा व नागपूर आणि उत्तर महाराष्ट्रातील नंदुरबार व धुळे या जिल्ह्यांना या आजाराची ओळख नव्याने करून देण्याची गरज नाही. तेथे तपासणीची शिबिरे या मोहिमेच्या कितीतरी आधीपासून भरत आली आहेत आणि ‘एएस’ म्हणजे वाहक, ‘एसएस’ म्हणजे रुग्ण हा भेद आशा कार्यकर्तीपासून शाळामास्तरांपर्यंत अनेकांना ठाऊक झाला आहे. मोहिमेच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मात्र किती नमुने तपासले, किती कार्डे वाटली, किती वाहक सापडले हे आकडे जितक्या उत्साहाने जाहीर होतात, तितक्या उत्साहाने एक आकडा कधी पुढे येत नाही: ज्या असह्य कळांमुळे हा रुग्ण पुन्हा पुन्हा दवाखान्याची पायरी चढतो, त्या कळा थांबवायला तेथे किती वेळ लागला.

या कळांचे मूळ रक्तातील एका अगदी लहान बदलात आहे. प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिन या प्रथिनाच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते, त्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोर तयार करते आणि एरवी मऊ, गोल असणारी तांबडी पेशी ताठ होऊन विळ्याचा आकार घेते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, तर ही १० ते २० दिवसांत मोडते, म्हणून रक्तक्षय कायमचा मागे लागतो. पण रुग्णाला जेरीस आणतो तो रक्तक्षय नव्हे. ताठ पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की पुढच्या पेशीजालाचा रक्तपुरवठा तुटतो आणि पाठ, छाती, मांड्या, नडग्या यांच्या हाडांत आतून ठणका सुरू होतो, ज्याला वैद्यकात वेदनेचा ‘क्रायसिस’ म्हणतात. तान्ह्या मुलांत याची पहिली खूण अनेकदा हातापायांच्या सुजेत दिसते. पुढे वर्षानुवर्षे रक्त कमी पडत राहिल्याने खुब्याच्या हाडाचे टोक झिजून ऐन तरुण वयात चालणे अवघड होऊ शकते. अंगातले पाणी कमी होणे, थंडी, ताप, अतिश्रम ही या ठणक्याची ओळखीची निमित्ते आहेत, आणि ज्या भागात जूनच्या आधी तेंदूपत्ता तोडायला उन्हात जावे लागते व पाऊस पडताच धानाच्या रोवणीसाठी दिवसभर चिखलपाण्यात वाकून उभे राहावे लागते, तेथे ती टाळा असा सल्ला देणे सोपे आणि तो पाळणे जवळपास अशक्य असते.

अशा रुग्णाला रात्री ग्रामीण रुग्णालयात आणले जाते तेव्हा डॉक्टरांच्या हाती पुरावा फार थोडा लागतो. ताप असेलच असे नाही, सूज नसते, क्ष-किरण चित्रात त्या वेळी काही दिसत नाही आणि हिमोग्लोबिन नेहमी असते तितकेच कमी भरते. जन्मापासून दुखणे सोसलेला माणूस ओरडत नाही. हालले की कळ वाढते म्हणून तो भिंतीकडे तोंड करून निपचित पडून राहतो, क्वचित लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून मोबाइल पाहत राहतो, आणि नेमकी हीच शांतता त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ‘एवढं दुखत असतं तर असा पडला असता का?’ हा प्रश्न खाटेशेजारी सहज विचारला जातो. बाई असेल तर ‘नाटक करते’, मजूर असेल तर ‘कामाचा कंटाळा’, आणि महिन्यात दुसऱ्यांदा आलेला असेल तर ‘इंजेक्शनची सवय लागली आहे’ असे निदान केसपेपरवर न लिहिता केले जाते. आदिवासी माणूस मुळातच काटक, त्याला दुखणे कमी जाणवते, हा समज त्यावर कडी करतो. असल्या समजुती केवळ येथल्याच नाहीत. अमेरिकेत २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्हर्जिनिया विद्यापीठातील अभ्यासात पाहणीतल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना कृष्णवर्णीयांच्या शरीराविषयी, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते अशा प्रकारची, किमान एक खोटी समजूत खरी वाटत होती; आणि ब्रिटनच्या संसद सदस्यांच्या गटाने २०२१ मध्ये सिकलसेल रुग्णांच्या रुग्णालयातील हालांवर जो अहवाल दिला, त्याचे शीर्षकच ‘कोणी ऐकत नाही’ अशा अर्थाचे होते.

विज्ञानानेही या उपेक्षेला काही काळ हातभार लावला. भारतात आढळणाऱ्या जनुकीय प्रकारात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने जास्त राहते आणि ते पेशीला विळ्याचा आकार घेण्यापासून काही अंशी वाचवते, त्यावरून येथील सिकलसेल आफ्रिकेतल्यापेक्षा सौम्य असतो असे मत रूढ झाले. ते सरासरीपुरते काही प्रमाणात खरे असेलही. पण नागपूर परिसरात मुलांना दीर्घकाळ पाहणाऱ्या बालरोगतज्ज्ञांना तीव्र कळा, जंतुसंसर्ग आणि वारंवार भरती होणारे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आहेत. सरासरीच्या आधाराने एका रुग्णाचे दुखणे सौम्य ठरवणे हा विज्ञानाचा गैरवापर आहे.

दुखण्यावर विश्वास ठेवण्याआधी वैद्यक किती पुरावा मागू शकते, याचे याहून बोचरे उदाहरण नवजात बालकांचे आहे. १९८०च्या दशकापर्यंत पाश्चात्त्य देशांतील नामांकित रुग्णालयांतही अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अनेकदा पुरेशी वेदनाशामके न देता, केवळ स्नायू शिथिल करून शस्त्रक्रिया होत असत, कारण त्यांच्या मज्जासंस्थेला वेदना नीट कळत नाही असे मानले जाई. इंदूरला वैद्यकीय शिक्षण घेतलेले कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना अशा बाळांच्या रक्तातील ताणाची संप्रेरके मोजली, फेंटानिल हे प्रबळ वेदनाशामक दिलेल्या बाळांत ती कमी वाढतात हे १९८७ साली दाखवून दिले, आणि मग कुठे रीत बदलू लागली. एरवी सुई टोचली तरी बाळ रडते हे सर्वांना दिसतच होते. पटले ते रक्ताच्या नळीतून आकडा आल्यावर.

सिकलसेलच्या रुग्णाला तर तोंडाने सांगता येते. वेदना शून्य ते दहा या मापावर किती आहे असे त्याला विचारणे आणि तो सांगेल ते खरे धरून उपचार सुरू करणे, ही जगन्मान्य पद्धत आहे. ब्रिटनची मार्गदर्शक तत्त्वे रुग्ण आल्यापासून अर्ध्या तासात आणि अमेरिकेतील रक्तविकार तज्ज्ञांची तत्त्वे तासाभरात वेदनाशामक देण्यास सांगतात, आणि तीव्र कळांसाठी ते औषध म्हणजे मॉर्फिनच्या वर्गातले. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन, एक सलाईन आणि तेवढ्याने भागले नाही तर ‘पुढे न्या’ असा शेरा, इथेच उपचाराची हद्द येते. डायक्लोफिनॅकसारखी औषधे पुन्हा पुन्हा दिली तर या आजारात आधीच नाजूक असलेल्या मूत्रपिंडांना धोका वाढतो, तो वेगळाच.

मॉर्फिनच्या या टंचाईत एक विसंगती दडलेली आहे. सरकारी परवान्याखाली अफू पिकवून बोंडांचा चीक गोळा करणाऱ्या जगातील मोजक्या देशांत भारत आहे. मंदसौर, नीमच, चित्तोडगडच्या शेतांतला हा चीक नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत जातो, त्यातला बराचसा निर्यात होऊन परदेशी रुग्णांचे दुखणे हलके करतो. इकडे १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने इतके परवाने आणि इतक्या कडक शिक्षा घातल्या, की औषध दुकानांनी आणि रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि डॉक्टरांच्या एका पिढीला ते वापरण्याचा सरावच उरला नाही. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ केलेल्या पाठपुराव्यानंतर २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसह काही औषधे ‘अत्यावश्यक’ ठरली आणि मान्यताप्राप्त रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाची एक मान्यता पुरेल अशी सोय झाली. कायद्याची अडचण दूर होऊन दशक उलटले. तालुक्याच्या औषध भांडारात त्या दुरुस्तीचा परिणाम पोहोचायला आणखी किती वर्षे लागणार?

व्यसनाची आणि श्वास मंदावण्याची भीती दाखवली जाते. ती निराधार नाही, आणि रात्री एकच वैद्यकीय अधिकारी हजर असलेल्या रुग्णालयात ती अधिकच खरी वाटते. पण प्रमाण ठरवून दिलेले लेखी वेळापत्रक, दर काही मिनिटांनी श्वासाची नोंद आणि उताऱ्याचे नालोक्सोन हे औषध हाताशी असले, की हा धोका आटोक्यात ठेवता येतो. प्रसूती आणि सर्पदंश यांतले याहून मोठे धोके याच रुग्णालयांतले हेच डॉक्टर रोज पेलतात. शिवाय कळांचे झटकेच कमी व्हावेत यासाठी हायड्रॉक्सियुरियाची रोजची गोळी आहे, पण तिचा साठा एक महिना जरी खंडित झाला तरी नियमितपणा मोडतो आणि रुग्ण पुन्हा त्याच खाटेवर येतो.

२०१६च्या अपंगत्व हक्क कायद्याने सिकलसेलला अपंगत्वाचा दर्जा दिला आहे, तेव्हा या दुखण्याचे अस्तित्व संसदेने मान्य केलेले आहे. आता राज्याच्या आरोग्य विभागाने सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांतील किती ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांकडे मॉर्फिनची मान्यता आहे, किती ठिकाणी ते प्रत्यक्ष शिल्लक आहे आणि कळा घेऊन आलेल्या रुग्णाला पहिली मात्रा किती मिनिटांत मिळाली, हे तीन आकडे तपासणीच्या आकड्यांशेजारी दरमहा जाहीर करावेत. ज्या रुग्णालयाच्या केसपेपरवर ही वेळ लिहिलेली नसेल, तेथे उपचार झालाच नाही असे धरावे.