मांजराचे लाड आणि मालकाची हौस

आपल्या धाराशिव जिल्ह्यात जनावराची किंमत त्याच्या उत्पन्नावरून ठरविण्याची जुनी रीत आहे. उस्मानाबादी शेळीचे नाव दूरवर गेले ते मटणामुळे आणि जुळ्या करडांमुळे. म्हशीच्या दुधाचा खवा भूम तालुक्यातल्या भट्ट्यांवरून बाहेरगावी जातो. या हिशेबात मांजरालाही जागा होती. कणगीतल्या ज्वारीची उंदरांपासून राखण हे त्याचे काम, आणि उरलीसुरली दूधभाकर ही त्याची मजुरी. आता शहरातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कणगी नाही आणि उंदीरही फारसे नाहीत. मांजर मात्र राहिले आहे, आणि कामातून मोकळे झाल्यावर त्याचे लाड सुरू झाले आहेत.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात मांजराला मखमली गादी कशासाठी, असे विचारणारे आमच्या प्राध्यापक-कक्षात पुष्कळ आहेत. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण त्याचा रोख चुकला आहे. मांजराला सुखात ठेवणे मुळीच खर्चाचे नाही. खर्च होतो तो आपल्या हौसेवर.

उपभोक्ता हा बाजाराचा राजा, असे आम्ही वर्गात शिकवितो. येथे पैसे देणारा एक आणि उपभोग घेणारा दुसरा, म्हणून राजा कोण हे सांगणे नको. गादी गुलाबी असते, गळपट्ट्याला घुंगरू असते. त्याचा अखंड नाद त्या तीक्ष्ण कानांना कसा वाटत असेल, हे विचारण्याचे विक्रेत्याला कारण नाही. शासनही या हौसेत आपला वाटा घेते. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा गुरांचे खाद्य करमुक्त राहिले, आणि कुत्र्या-मांजरांच्या पाकीटबंद खाद्यावर १८ टक्के कर बसला.

मुलीच्या आग्रहाखातर आम्हीही एक गादी आणली. आमच्या मनीने ती हुंगली, आणि ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून ती आली होती त्यात जाऊन बसली. आम्ही हसलो. पण नेदरलँड्समधील उत्रेख्त विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमके हेच आढळले होते: निवारागृहात नव्याने आलेल्या १९ मांजरांपैकी ज्यांना लपायला खोका मिळाला, त्यांच्या मनावरचा ताण इतरांपेक्षा लवकर उतरला.

दुधाचीही तीच कथा. खव्याच्या मुलखात मांजरापुढे बशीभर दूध ठेवणे हा लाडाचा पहिला प्रकार. पण बहुतेक मोठ्या मांजरांना दुधातील साखर पचत नाही आणि पोट बिघडते. त्यांना ताजे पाणी हवे आणि मांसाहार हवा. शाकाहारी घरात हा विषय नाजूक आहे खरा, परंतु मांजर पाळण्यापूर्वीच त्याचा निकाल लावलेला बरा.

याहून अवघड आहे तो स्पर्शाचा संयम. मांजराला उचलून पोटावर हात फिरविणे आपल्याला आवडते, बहुतेक मांजरांना नाही. ते आपण होऊन जवळ येईपर्यंत थांबावे, हनुवटी आणि गाल हलकेच खाजवावेत, शेपूट आपटू लागले की हात काढून घ्यावा. ससेक्स आणि पोर्ट्‌समथ विद्यापीठांतील संशोधकांनी २०२० साली दाखविले की, मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले तर तेही तसेच उत्तर देते. याला पैसा लागत नाही. संध्याकाळी दोरीला चिंधी बांधून दहा मिनिटे शिकारीचा खेळ, मग जेवण आणि बारा-पंधरा तासांची झोप, एवढ्यावर ते संतुष्ट असते. यात खर्ची पडतो तो आपला निवांत वेळ, आणि आम्हा पगारदारांच्या घरी नेमका त्याचाच तुटवडा आहे.

आमच्याकडे हे सारे वडिलांनाच साधते. ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. वैशाखाच्या दुपारी माठाजवळच्या शहाबादी फरशीवर मनी अंग टाकते, शेजारी आरामखुर्चीत ते असतात, आणि तासन्‌तास दोघेही काही करीत नाहीत. मुलगी तिला उचलायला धावली की ते बोट ओठांवर ठेवतात. गादी माळ्यावर पडून आहे.