मतदारसंघ बदलले, हिशेबाचे काय?

निवडणुकीत मतदार दोन कामे एकाच वेळी करीत असतो. पुढील पाच वर्षांसाठी तो प्रतिनिधी निवडतो आणि मागील पाच वर्षांची झडती घेतो. पहिल्या कामाचा गाजावाजा फार होतो. दुसरे काम मुकाट्याने चालते. पण सत्ताधाऱ्यांना खरी धास्ती असते ती त्याचीच. ज्याला पुन्हा त्याच दारात मत मागावयास यावयाचे आहे, त्याला पाच वर्षे थोडा तरी जपून कारभार करावा लागतो. हे दारच नाहीसे झाले तर काय होते, याचा धडा महाराष्ट्राने २००९ साली लोकसभेच्या व विधानसभेच्या अशा दोन्ही निवडणुकांत घेतलेला आहे. तो धडा राजकीय पक्षांनी नीट पाठ केला. मतदारांच्या मात्र तो अद्याप पुरता लक्षात आलेला दिसत नाही.

मतदारसंघांची पुनर्रचना मुळातच वाईट, असे म्हणण्याचे कारण नाही. एका माणसाचे मत दुसऱ्याच्या मताइतकेच वजनाचे असले पाहिजे, हे तत्त्व मान्य करावयाचे तर लोकसंख्या हलेल तशा सीमाही हलल्या पाहिजेत. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठविले. परिणामी २००४ साली महाराष्ट्राने जी विधानसभा निवडली, तिचे मतदारसंघ तेहेतीस वर्षांपूर्वीच्या शिरगणतीवर आखलेले होते. या काळात ठाणे, कल्याण, वसई, पिंपरी-चिंचवड या पट्ट्यात गावांची शहरे झाली आणि तेथल्या माणसाच्या मताची किंमत घसरत गेली. २००२ च्या कायद्यान्वये न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे नव्या सीमा आखल्या आणि फेब्रुवारी २००८ मध्ये त्या अमलात आल्या. विधानसभेच्या एकूण जागा २८८ च राहिल्या. पण त्यांची वाटणी पार बदलली. तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याचे आमदार १३ वरून २४ झाले. अनुसूचित जातींच्या जागा १८ वरून २९ आणि अनुसूचित जमातींच्या २२ वरून २५ झाल्या. हे सारे न्यायाचेच होते. प्रश्न आहे तो या न्यायाच्या आडोशाने जे घडले त्याचा.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. मुंबई शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-धारावीपर्यंत, पूर्वी विधानसभेचे १७ मतदारसंघ होते. नव्या रचनेत ते १० उरले. उपनगरांचे १७ होते, ते २६ झाले. नकाशावरून जी नावे पुसली गेली त्यांत परळ, नायगाव, चिंचपोकळी, दादर, माझगाव ही नावे आहेत. ही नावे वाचताच कोणाही जुन्या कार्यकर्त्याला कळावे की पुसले गेले ते गिरणगाव.

गिरणगावातील माणसे कोठे गेली आणि का गेली, हे जनगणनेच्या तक्त्यात नसते. १८ जानेवारी १९८२ रोजी अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि तो संप कधी सन्मानाने मिटलाच नाही. १९९१ साली विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनी विकासासाठी खुल्या करताना शहराला व घरबांधणीला त्यातील मोठा वाटा देण्याचे ठरले होते. २००१ साली हा नियम असा काही बदलला, की मोकळ्या जमिनीपुरताच तो वाटा उरला आणि गिरण्या जेथे उभ्या होत्या ती जमीन मालकांच्या पदरात पडली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो बदल वैध ठरविला. चिमण्या पडल्या, टॉवर उभे राहिले. कामगारांची मुले विरार, बदलापूर, कल्याणकडे सरकली. आणि २००८ साली, लोकसंख्या घटली या निर्विवाद कारणास्तव, गिरणगावाचे आमदार कमी झाले.

येथे आयोगाने कोणता कट केला असे कोणी म्हणणार नाही. त्याने आकडे मोजले आणि रेषा ओढल्या. जागा माणसांच्या मागोमाग ठाण्याला गेल्या, हेही गणिताला धरूनच झाले. पण ज्यांच्या कारकिर्दीत हा नियम बदलला, ज्यांनी विधानसभेत त्यावर तोंड उघडले किंवा मिटले, त्यांचा हिशेब कोठे गेला? बदलापूरला गेलेला कामगार तेथल्या नव्या उमेदवाराला गिरणीच्या जमिनीविषयी काय विचारणार? तो उमेदवार हात वर करून म्हणणार, “हा आमच्या मतदारसंघाचा प्रश्न नव्हे.” मागे राहिलेल्या कामगाराची स्थिती याहून बरी नव्हती. १९९९ पासून शिवडीचे आमदार असलेले सचिन अहिर २००९ साली वरळीत उभे राहिले. माझगावातून तीनदा निवडून आलेले बाळा नांदगावकर शिवडीत आले. दोघेही निवडून आले. दोघांनीही कायद्याचा भंग केला नाही. सीमाच बदलल्यावर त्यांनी कोठून तरी उभे राहावयाचे होतेच. पण शिवडीच्या ज्या मतदाराला दहा वर्षांचा जाब विचारावयाचा होता, त्याच्यासमोरच्या मतदानयंत्रावर ते नावच नव्हते, ही गोष्ट कायदेशीर असली म्हणून लोकशाहीला पोषक ठरत नाही.

गिरणगावात ज्या कोकणातून माणसे आली, त्या कोकणाचीही तीच गत झाली. पोटासाठी मुंबईला माणसे पाठविणारा रत्नागिरी जिल्हा लोकसंख्येच्या शर्यतीत मागे पडला आणि त्याच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या. खेड व संगमेश्वर हे मतदारसंघ गेले. खेड तालुका दापोली व गुहागर यांत विभागला गेला. खेडचे आमदार व तेव्हाचे विरोधी पक्षनेते रामदास कदम गुहागरात उभे राहिले आणि तेथे त्यांना पराभूत केले ते पूर्वी चिपळूणचे आमदार राहिलेल्या भास्कर जाधवांनी. गुहागरच्या मतदाराने कोणाचा कोणता हिशेब तपासावयाचा होता? एकाने काम केले ते खेडात, दुसऱ्याने चिपळुणात. अशा वेळी मतदार हिशेब सोडून देतो आणि पक्ष, जात, गाव आणि हवा पाहून मत टाकतो. तो अडाणी असतो म्हणून असे करीत नाही. तपासावयाची वहीच त्याच्या हातून काढून घेतलेली असते.

लोकसभेच्या नकाशावरून राजापूर हे नावही याच वेळी गेले. बॅ. नाथ पै यांनी १९५७ पासून आणि त्यांच्यानंतर प्रा. मधु दंडवते यांनी १९७१ पासून सलग वीस वर्षे ज्या राजापूरचे प्रतिनिधित्व केले, त्या नावाविषयी समाजवादी कार्यकर्त्याला हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. परंतु ही हळहळ नावापुरती असेल तर ती निरर्थक आहे. राजापूरचे मोल होते ते मतदार आणि प्रतिनिधी यांच्यातील दीर्घ परिचयात. प्रतिनिधी दिल्लीत काय बोलला हे कोकणातील शाळामास्तर आणि खोताच्या जाचातून सुटलेले कूळ दोघेही जाणत होते, आणि म्हणूनच १९९१ साली त्याच मतदारांनी दंडवत्यांना पराभूतही केले. हा पराभवसुद्धा झडतीचाच एक भाग होता. ओळखीच्या माणसाला नाकारणे आणि अनोळखी माणसांतून एक उचलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

सीमांमुळे चळवळी कशा तुटतात हे पाहावयाचे असेल तर रायगडकडे पाहावे. पनवेल, उरण व पेण या तीन तालुक्यांतील जमिनींवर महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राचे संकट आले, तेव्हा शेतकरी एकजुटीने उभे राहिले. सप्टेंबर २००८ मध्ये पेणच्या बावीस गावांत सरकारला शेतकऱ्यांचा कौल घ्यावा लागला. नेमक्या त्याच वर्षी नव्या रचनेने पेण रायगड लोकसभा मतदारसंघात राहिला आणि पनवेल-उरण घाट ओलांडून पिंपरी-चिंचवडबरोबर मावळात गेले. मतदारसंघ आखताना भौगोलिक सलगता, नैसर्गिक रचना, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी, असे कायदा सांगतो. येथे सह्याद्रीचा कडा दिसला नाही. द्रुतगती महामार्ग तेवढा दिसला. एकाच लढ्यातील शेतकऱ्यांना दोन खासदार शोधावे लागले आणि दोन्ही मतदारसंघांत ते अल्पसंख्य ठरले.

सर्वांत मोठी किंमत मात्र राखीव जागांना मोजावी लागली. बुलढाणा व पंढरपूर लोकसभेसाठी राखीव होते. पुनर्रचनेत बुलढाणा खुला झाला, पंढरपूर नकाशावरूनच गेले. अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर राखीव झाले. मग बुलढाण्याचे खासदार आनंदराव अडसूळ अमरावतीला गेले, बुलढाण्यातूनच पूर्वी निवडून आलेले मुकुल वासनिक रामटेकला गेले, पंढरपूरचे रामदास आठवले शिर्डीला गेले आणि पराभूत झाले. पंढरपूरच्या जागी जो माढा मतदारसंघ आला तो खुला होता. तेथून शरद पवार निवडून आले आणि २०१४ साली ते लोकसभेच्या रिंगणातच नव्हते. खुल्या जागेवरचा बलाढ्य नेता सोयीप्रमाणे येतो व जातो. दलित प्रतिनिधीला मात्र नकाशा जेथे फेकेल तेथे नव्याने मुळे धरावी लागतात. तेथील साखर कारखाने, बँका, शिक्षणसंस्था ज्यांच्या हाती असतात, ते ठरवितात की या पाहुण्याला किती पाणी घालावयाचे. ज्याला स्वत:चे मूळच नाही तो पाणी घालणाऱ्याशी भांडणार कसा? राखीव जागांवर नेमस्त, आज्ञाधारक उमेदवारांची चलती का असते, याचे एक उत्तर येथे आहे.

“सीमा आयोगाने आखल्या, त्यात पक्षांचा काय दोष?” असा साळसूद प्रश्न यावर विचारला जातो. आयोगाबरोबर प्रत्येक राज्याचे दहा सहयोगी सदस्य असतात. त्यांतील पाच खासदार व पाच आमदार. त्यांना मताचा अधिकार नसतो हे खरे; पण मसुदा त्यांच्यासमोर असतो, सूचना ते करू शकतात, असहमती नोंदवू शकतात. ज्यांच्या जागा आखावयाच्या त्यांनाच सल्लागार नेमावयाचे, आणि ज्यांचे गाव एका मतदारसंघातून दुसऱ्यात फेकले जाणार त्यांनी राजपत्रातील व दोन-चार वर्तमानपत्रांतील सूचना वाचून सुनावणीला धावावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. शिवाय आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देता येत नाही, असे कायदा म्हणतो. उघड मनमानी वा घटनाबाह्य निर्णय तपासण्याचा अधिकार न्यायालयांना आहे, एवढा दिलासा सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली दिला. पण खेडच्या शेतकऱ्याने तालुका का तोडला हे विचारावयास सर्वोच्च न्यायालयात जावे, ही अपेक्षा क्रूर थट्टा आहे.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतील व विधानसभांतील महिलांच्या एकतृतीयांश राखीव जागा पुढील जनगणनेनंतरच्या पुनर्रचनेशी जोडल्या आणि प्रत्येक पुनर्रचनेगणिक त्या फिरत्या ठेवल्या. म्हणजे अडसूळ-आठवल्यांच्या वाट्याला जे आले, ते स्त्री-प्रतिनिधींच्या वाट्याला कायमचे लिहून ठेवले गेले. बाईने मतदारसंघ बांधावा, तो रुजू लागला की नकाशाने तो हिरावावा, आणि मधल्या काळात पुढाऱ्यांच्या घरातील लेकी-सुनांनी जागा राखून ठेवाव्यात. यालाच सक्षमीकरण म्हणावयाचे काय?

पुनर्रचना थांबविणे हा यावरचा उपाय नव्हे. सीमा गोठविल्याने कल्याण-वसईच्या कष्टकऱ्यावर अन्याय होतो, हे तेहेतीस वर्षे पाहून झाले आहे. उपाय हिशेब जिवंत ठेवण्याचा आहे. सीमा बदलल्यावर दुसरीकडे उभा राहणारा विद्यमान आमदार-खासदार जुन्या मतदारसंघातील प्रत्येक तालुक्यात जाहीर सभा घेऊन, प्रश्नांना उत्तरे देऊन आणि छापील जमाखर्च मांडूनच तेथून निघाला पाहिजे. हे न करणाऱ्याला पक्षाने उमेदवारी देऊ नये, आणि दिली तर नव्या ठिकाणच्या मतदारांनी जुन्या ठिकाणच्यांना पाचारण करून त्याची कहाणी ऐकावी. पुनर्रचनेचा मसुदा मराठीतून, कारणांसह, प्रत्येक ग्रामसभेत व वॉर्डात वाचला गेला पाहिजे आणि सुनावणी तालुक्याला झाली पाहिजे. सल्लागारांत जागा टिकविण्यात हितसंबंध असलेल्यांखेरीज पंचायतींचे, दलित-आदिवासी संघटनांचे आणि स्त्रियांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. उमेदवार मुंबई-दिल्लीच्या बैठकीत न ठरता नव्या मतदारसंघातील पक्षसभासदांच्या गुप्त मतदानाने ठरला पाहिजे.

यांतील पहिल्या आणि शेवटच्या गोष्टीला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. स्वत:ला डावे व समाजवादी म्हणविणाऱ्या पक्षांनी त्या आपल्यापासून सुरू कराव्यात. राजापूर गेले, परळ गेले म्हणून उसासे टाकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे, की नवी रेषा पडण्यापूर्वीच तिच्या दोन्ही बाजूंच्या माणसांत ज्याचे काम उभे असते, त्याला मतदारसंघ शोधत हिंडावे लागत नाही. गिरणी कामगार बदलापुरात आहे, पेणचा शेतकरी पेणमध्ये आहे, खेडचा तालुका दोन तुकड्यांत का होईना पण जागेवर आहे. त्यांच्यापर्यंत जुन्या वह्या घेऊन जाणे, हे पुढील निवडणुकीच्या कितीतरी आधी सुरू करावयाचे काम आहे.