ऐकावे पॉडकास्टचे, करावे पुराव्याचे



आपल्यापैकी बहुतेकांचे आरोग्यशिक्षण आता ट्रेनमध्ये, गाडीत नाहीतर भांडी घासताना होते. जीपीकडे जेमतेम दहा मिनिटे मिळतात, तीही अपॉइंटमेंट मिळाली तर! पॉडकास्टवाले मात्र आपल्याशी दोन-दोन तास बोलतात, फुकट बोलतात आणि थेट कानात बोलतात. त्यामुळे आतड्यांतले जीवाणू, प्रथिने, उपवासाचे तास आणि मनगटावरच्या घड्याळाने मोजलेली झोप हे विषय आता गणेशोत्सवाच्या पंगतीतही रंगू लागले आहेत. "यातले नेमके ऐकावे काय?" हा प्रश्न तिथे हमखास निघतो. या अंकात त्याचे उत्तर द्यायचा प्रयत्न करते. मी संशोधनक्षेत्रात आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे हा वैद्यकीय सल्ला नाही. पुराव्याकडे कसे पाहावे एवढेच मला सांगता येईल.

सुरुवात एका पुणेकरापासून करू या. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक छोटासा लेख २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. सोबत दोघांचा एकत्र फोटो होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कुठल्याही तक्त्याप्रमाणे दोघेही ठणठणीत. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! आडनावांच्या आद्याक्षरांवरून या कोड्याला 'वाय-वाय पॅराडॉक्स' असे नाव पडले.

याची मुळे किती खोल आहेत तेही याज्ञिकांच्याच गटाने दाखवले. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली त्यांनी गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली. आपली बाळे सरासरी २.७ किलोची, तिथली ३.५ किलोची. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पण त्वचेखालची चरबी मात्र बऱ्यापैकी टिकून राहिलेली. दिसायला किडकिडीत, आतून चरबीदार. आपण सोबत आणलेल्या सामानात हेही आले आहे, आणि ते कुठल्याच कस्टम्सला दिसत नाही.

इथल्या पॉडकास्टबद्दल बोलताना हे आधी का सांगायचे? कारण ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांना टाइप-२ मधुमेहाचा धोका इतरांच्या दुप्पट ते चौपट आहे. 'नाइस' या इथल्या मार्गदर्शक संस्थेने २०१३ सालीच सांगितले, की आपल्यासाठी बीएमआयची धोक्याची पातळी २५ ऐवजी २३ धरावी आणि मोठ्या धोक्याची ३० ऐवजी २७.५. आता पॉडकास्टवर "बीएमआय पंचविसाच्या आत असला की झाले" असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य सूत्रसंचालकासाठी ठीक असेल. ते ऐकणाऱ्या चोवीस बीएमआयच्या कुलकर्ण्यांसाठी नाही.

हा दोष एकट्या पॉडकास्टचा नाही. त्यामागचे संशोधनच बहुतांशी गोऱ्या माणसांवर झालेले असते. पाच लाख माणसांच्या 'यूके बायोबँक'मध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक लोक गोरे आहेत. कमी उष्मांकाच्या आहाराने मधुमेह मागे हटू शकतो, हे दाखवणारी 'डायरेक्ट' ही गाजलेली ब्रिटिश चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. वर्षअखेर त्या गटातल्या ४६ टक्के लोकांचा मधुमेह आटोक्याच्या पलीकडे, म्हणजे औषधांशिवाय निदानाच्या पातळीखाली गेला होता. मोठी गोष्ट! पण सहभागी जवळजवळ सगळे गोरे. पूर्व लंडनमध्ये २०१५ साली सुरू झालेला 'जीन्स अँड हेल्थ' हा प्रकल्प ही उणीव भरून काढतो आहे, पण तोही बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या लोकांपुरता आहे. म्हणून कुठलाही भाग ऐकताना पहिला प्रश्न हाच विचारावा: हा प्रयोग कोणावर झाला? माणसांवर की उंदरांवर? माणसांवर असेल तर किती, आणि आपल्यासारखी किती?

आता शिफारशी.

पहिली पसंती रेडिओ फोरच्या 'इनसाइड हेल्थ'ला. अर्ध्या तासाचा कार्यक्रम, बोलणारे त्या त्या विषयातले लोक, आणि "अजून नक्की सांगता येत नाही" असे म्हणायला न लाजणारे. वैज्ञानिकाच्या तोंडचे हे वाक्य मला नेहमी दिलासा देते. त्याच घराण्यातला 'स्लाइस्ड ब्रेड' ग्रेग फूट सादर करतात. श्रोत्यांनी पाठवलेल्या वस्तूंचे दावे ते तज्ज्ञांकडून तपासून घेतात. पंचवीस पौंडांची बरणी मागवण्याआधी त्यांनी त्यावर भाग केला आहे का, ते पाहावे. २००१ पासून चालू असलेला 'मोअर ऑर लेस' हा खरे तर आकडेवारीचा कार्यक्रम. पण "अमुक खाल्ल्याने धोका दुप्पट" अशी बातमी आली की दुप्पट म्हणजे लाखात एकाचे दोन की शंभरात दहाचे वीस, हे विचारण्याची सवय टिम हारफर्ड लावतात. आरोग्याच्या दहा पॉडकास्टपेक्षा ही एक सवय जास्त उपयोगी आहे असे माझे मत.

खाण्याच्या मागचे राजकारण आणि अर्थकारण समजून घ्यायचे असेल तर १९७९ पासूनचा 'द फूड प्रोग्रॅम' ऐकावा. ख्रिस आणि झँड व्हॅन टुलेकेन या जुळ्या डॉक्टर भावांची २०२१ सालची 'अ थरो एक्झामिनेशन' ही मालिकाही आवर्जून ऐकण्यासारखी. विषय आहे अतिप्रक्रिया केलेले, म्हणजे कारखान्यात घडवलेले अन्न. त्याबाबतचा महत्त्वाचा प्रयोग अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ साली प्रसिद्ध केला. वीस माणसे, दोन आठवडे एक आहार, दोन आठवडे दुसरा. कारखानी आहारावर असताना ती दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. प्रयोग नीटस, पण माणसे वीस आणि काळ थोडा, हेही लक्षात असू द्यावे.

मायकल मोझली २०२४ च्या जूनमध्ये ग्रीसमधल्या सिमी बेटावर वारले. त्यांच्या 'जस्ट वन थिंग'चे पंधरा-पंधरा मिनिटांचे भाग अजूनही सुरुवातीला बरे. सगळेच दावे सारखे भक्कम नाहीत. पण त्यांतले बहुतेक उपाय फुकटचे आणि निरुपद्रवी आहेत. घरच्या स्वयंपाकासाठी डॉ. रूपी औजला यांचे 'द डॉक्टर्स किचन' ऐकावे. त्यांच्या ताटात डाळ, हळद आणि मसाला पाहुणे म्हणून येत नाहीत, घरचे म्हणून येतात. डॉ. रंगन चॅटर्जी यांचे 'फील बेटर, लिव्ह मोअर' सवयी आणि ताणतणाव या विषयांसाठी चांगले. मात्र तिथे पाहुण्याची उलटतपासणी फारशी होत नाही. ती आपण करायची.

इथे मुद्दा येतो पैशाचा. रेडिओवर काय बोलले जाते त्यावर ऑफकॉमचा अंकुश असतो. स्वतंत्र पॉडकास्टवर तसा नसतो. बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसने २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्टीव्हन बार्टलेट यांच्या 'द डायरी ऑफ अ सीईओ' या अतिलोकप्रिय पॉडकास्टचे आरोग्यविषयक १५ भाग तज्ज्ञांकडून तपासून घेतले. प्रत्येक भागात सरासरी १४ दावे प्रस्थापित पुराव्याच्या विरुद्ध आणि घातक निघाले. त्यांत केटो आहाराने कॅन्सरवर उपचार होतो असाही दावा होता. निर्मात्यांचे म्हणणे असे, की पाहुण्यांची नीट माहिती काढलेली असते आणि त्यांना मतस्वातंत्र्य दिले जाते. मतस्वातंत्र्य आपल्यालाही प्रिय आहे. पण केमोथेरपी घ्यावी की नाही या विवंचनेत असलेल्या माणसाच्या कानात विनापुरावा आशा ओतणे आणि त्यावर एकही प्रश्न न विचारणे, याला मतस्वातंत्र्य म्हणायचे का? बुवा-बाबांबद्दल आपण जे प्रश्न विचारतो, तेच मायक्रोफोनवाल्यांनाही विचारायला हवेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते, हे या संदर्भात विसरू नये.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जाहिरातींवर देखरेख ठेवणाऱ्या एएसएने ह्यूएल आणि झोई या कंपन्यांच्या, बार्टलेट यांना दाखवणाऱ्या जाहिराती बंद करायला लावल्या. ते तेव्हा एका कंपनीचे संचालक आणि दुसरीचे गुंतवणूकदार होते, हे त्यात सांगितलेलेच नव्हते. झोईचे स्वतःचे 'सायन्स अँड न्यूट्रिशन' हे पॉडकास्ट आपल्यातले पुष्कळ जण ऐकतात. सहसंस्थापक प्रा. टिम स्पेक्टर किंग्ज कॉलेजचे नावाजलेले संशोधक आहेत आणि पाहुणेही तोलामोलाचे येतात. ऐकावे जरूर. पण ते विकत असलेल्या चाचण्या आणि पुरवण्या यांचे ते दुकानही आहे, हे ध्यानात ठेवून ऐकावे. मधुमेह नसलेल्या माणसाने दंडावर साखर मोजणारा सेन्सर चिकटवून फिरल्याने पुढे आजार टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही.

मराठीतही हे वारे जोरात आहे. २०१८ च्या सुमारास "दीक्षित की दिवेकर?" या वादाने महाराष्ट्र ढवळून निघाला होता, आणि त्याचे व्हॉट्सअॅप ग्रुप लंडनपर्यंत पोहोचले होते. डॉ. जगन्नाथ दीक्षित म्हणत, कडक भूक लागेल तेव्हा दिवसातून दोनदाच, प्रत्येकी ५५ मिनिटांच्या आत जेवा. मूळ कल्पना डॉ. श्रीकांत जिचकारांची. ऋजुता दिवेकर म्हणत, घरचे, स्थानिक, ऋतूप्रमाणे आणि थोडे थोडे खा. दोन्ही बाजूंनी वजन उतरलेल्यांचे दाखले भरपूर. पण दाखला म्हणजे पुरावा नव्हे. दोन्ही पद्धतींत बिस्किटे, फरसाण आणि चहातली साखर कमी होते. मग गुण नेमका कशाचा, हे तुलनात्मक चाचणीशिवाय कसे कळणार?

शेवटी, आपल्या दोन देशांमधल्या संसारात नेहमी घोटाळा करणाऱ्या, आणि पॉडकास्टवर क्वचितच ऐकू येणाऱ्या तीन गोष्टी.

एक, एचबीए१सी. भारतातला अहवाल टक्क्यांत येतो, इथला मिलिमोलमध्ये. तिथले ६.५ म्हणजे इथले ४८, आणि तिथून मधुमेह. इथे धोक्याची पायरी ४२ पासून, म्हणजे ६ टक्क्यांपासून धरतात. भारतात बहुतेक ठिकाणी ५.७ पासून. म्हणून पुण्यात ५.८ आल्यावर "प्रीडायबेटिक" ठरलेले बाबा इथे ४० आल्यावर "नॉर्मल" ठरतात. बाबा तेच असतात.

दोन, ड जीवनसत्त्व. इथे हिवाळ्यात सर्वांनी रोज १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४०० युनिट घ्यावे असा सल्ला आहे. सावळ्या त्वचेच्या लोकांनी वर्षभर घेण्याचा विचार करावा. मोठ्या माणसांसाठी रोजची कमाल मर्यादा ४,००० युनिट. भारतातून येणाऱ्या ६०,००० युनिटच्या पुड्या डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ठराविक काळच घ्यायच्या असतात, आठवले की घ्यायच्या नसतात.

तीन, बी-१२. शाकाहारी घरांत ते अनेकदा कमी पडते, आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर आणखी कमी होऊ शकते. मुंग्या येणे, थकवा, विसरभोळेपणा यांचे खापर वयावर फोडण्याआधी जीपीकडे रक्ततपासणीचा विषय काढावा.

इंग्लंडमध्ये ४० ते ७४ वयाच्या, आधीपासून असे आजार नसलेल्या लोकांना पाच वर्षांतून एकदा एनएचएसची मोफत आरोग्य तपासणी मिळते. पत्र आले की ते टेबलावरच्या ढिगाखाली जाते. या महिन्यात एक भाग कमी ऐकावा, ते पत्र शोधावे आणि फोन करावा. पॉडकास्ट कितीही चांगले असले तरी ते सगळ्यांशी एकच बोलते. आपल्या रक्तात काय चालले आहे ते सुईच सांगते.

तुम्ही काय ऐकता, विशेषतः मराठीत पुराव्याला धरून काही ऐकायला मिळाले असेल, तर अवश्य कळवा.

लोभ आहेच, तो वाढावा.