गर्भिणी परिचर्येतील विस्मृत ‘सात्म्य’

गर्भिणी परिचर्येचा विषय निघाला की आपण चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायाचा दाखला देतो आणि प्रथम मासी दूध, चतुर्थ मासी लोणी, पंचम मासी तूप असा क्रम सांगतो. परंतु तेथेच, पहिल्याच महिन्यात, दुधाबरोबर सकाळ-सायंकाळ सात्म्य भोजनही सांगितले आहे, याचा आपणांस विसर पडतो.

वर्धा जिल्ह्यात आर्वी, समुद्रपूरकडे कापसाच्या निंदणाला जाणाऱ्या गर्भिणीस सात्म्य काय? ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, हरभरा, ऋतूतील पालेभाजी, वर लिंबू. तिला रोज तूप लिहून देणे सोपे आहे. ते तिच्या ताटात पडते का, हे विचारणे वैद्याचे कर्तव्य आहे. पुष्कळ घरांत ती सर्वांच्या शेवटी जेवते. गर्भ मोठा झाल्यास प्रसूती अवघड होईल, या भयाने अर्धपोटीही राहते. हे न विचारता दिलेला कल्प व्यर्थ होय.

औषधी विक्रेत्या बंधूंनाही विनंती आहे. गर्भिणीसाठीचा कल्प विकताना तो आहाराची वा शासकीय आरोग्य केंद्रातील लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्यांची जागा घेतो, असा समज होऊ देऊ नये. त्या गोळ्या किमान 180 दिवस घ्यावयाच्या असतात. त्यांच्यासोबत चहा वा कॅल्शियम नको. भस्मयुक्त योग तर वैद्याच्या चिठ्ठीविना देऊच नयेत.

प्रथम गर्भिणीच्या ताटाची विचारपूस करावी, मगच औषध योजावे, एवढा नियम आपण सर्वांनी पाळावा.